दुसऱ्या फेरीत मी खाली बसले

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी मुलगी १८ वर्षांची आहे. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावातून ती रोज एसटीनं साताऱ्याला कॉलेजला येते. बीएस्सीचं पहिलं वर्ष. या सत्रात तिला क्रीडा हा दोन क्रेडिटचा विषय आहे. त्याचा तास सकाळी सातला मैदानावर असतो, म्हणून पावणेसहाची गाडी धरावी लागते आणि पोटात नुसता कपभर चहा असतो. पहिल्याच तासाला सरांनी ४०० मीटरच्या मैदानाला सगळ्यांना दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि प्रत्येकाची वेळ वहीत लिहून घेतली. दुसऱ्या फेरीत हिला धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती कडेला खाली बसली. कट्ट्यावरच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतरच्या दोन तासांना ती गेलीच नाही. वर्गातल्या तिघींनी ‘खेळण्यास अपात्र’ असं डॉक्टरचं सर्टिफिकेट शंभर रुपयांत आणलंय. आई म्हणते, “तूही आण आणि मोकळी हो. पोरीच्या जातीला पळून काय करायचंय? मी दिवसभर रानात राबते, मला कुठं व्यायाम लागतो?” मुलगी विचारते, “ताई, मला ना भरती करायचीय, ना खेळाडू व्हायचंय. मला खेळाची आवडच नाही. सातवीनंतर मी कधी खेळलेच नाही. गौरीच्या रात्री बायका फुगडीला ओढतात तेवढंच. मग सर्टिफिकेट आणलं तर काय बिघडलं?”

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांचा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एका वाक्यापाशी थांबले. ‘डोळ्यांपुढे अंधारी आली.’ तू हे सहज लिहून पुढे गेलीस. त्या सकाळी लाज वाटली, हीच तुझ्या लेखी मोठी गोष्ट. मला ती अंधारी मोठी वाटते. म्हणून सर्टिफिकेट, गुण, आई, सर हे सगळं जरा बाजूला ठेव. आधी अंधारीबद्दल बोलू.

रात्री आठला जेवलेली मुलगी सकाळी सातला, अकरा तासांच्या उपाशी पोटी, एसटीत उभी राहून आलेली, आणि आल्या आल्या दोन फेऱ्या. यात कुणालाही चक्कर येऊ शकते. हे एक कारण झालं. दुसरं कारण रक्तात असू शकतं, आणि त्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण त्याची किंमत मी एका मुलीला मोजायला लावली आहे.

सांगलीत एका कॉलेजात मी २६ वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या तासाला एक मुलगी कायम मागे राहायची. रांग पुढे जायची, ही कमरेवर हात ठेवून उभी. मी तिला आळशी समजत होते. चारचौघींत तसं बोललेही. एके दिवशी ती कवायतीच्या रांगेतच कोसळली. दवाखान्यात नेलं तर हिमोग्लोबिन सात. बायकांमध्ये ते किमान बारा असायला हवं. म्हणजे ती पोरगी सत्रभर सातवर माझ्यासमोर उभी राहत होती, जमेल तेवढं करत होती, आणि वर माझी बोलणी खात होती. तिनं मला कधी उलट शब्द दिला नाही, याचंच मला आजही वाईट वाटतं. त्या दिवसानंतर मी कुठल्याही मुलीच्या रक्ताचा आकडा कळल्याशिवाय तिला पळायला लावलं नाही.

हे एकटी-दुकटीचं दुखणं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांमागे ५४ जणींचं रक्त कमी निघालं. म्हणजे तुझ्या तासाला वीस मुली उभ्या असतील, तर त्यांतल्या दहा-अकरा जणींचं असं असू शकतं. हिमोग्लोबिन अंगभर प्राणवायू वाहून नेतं. ते थोडं कमी असलं की बसल्या जागी सहसा फारसं जाणवत नाही. अभ्यास होतो, गाडीत उभं राहता येतं. पळायला लागलं की मांड्या-पोटऱ्या जास्त प्राणवायू मागतात, तो पुरत नाही, हृदय धडधडायला लागतं, धाप लागते, अंधारी येते. बघणाऱ्याला वाटतं, हिला दम नाही. आणि मग त्या मुलीलाही तेच वाटायला लागतं.

म्हणून पहिलं काम रक्त तपासण्याचं. गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ही साधी तपासणी होते. कमी निघालं तर डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतील. त्या घेताना एक लक्षात ठेव, गोळी आणि चहा यांच्यात निदान तासाभराचं अंतर हवं. जेवणानंतर लगेच चहाचा कप, ही आपल्याकडची घरोघरची सवय. पण चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. भाजीवर लिंबू पिळलंस तर उलट मदत होते. गोळ्यांनी शौचाला काळं होतं, कधी पोट जड वाटतं, आणि नेमक्या त्याच भीतीनं मुली चार दिवसांत गोळ्या सोडून देतात. तू सोडू नकोस. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगून वेळ बदलून घे. आणि छातीत दुखत असेल, बसल्या बसल्या धाप लागत असेल, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा कधी शुद्ध हरपली असेल, तर मैदानावर पाऊल टाकण्याआधी डॉक्टरांना भेट आणि त्यांना हे सगळं सांग.

आता तुझा प्रश्न. सर्टिफिकेट आणलं तर काय बिघडलं?

तिघींना ते सर्टिफिकेट देताना डॉक्टरांनी त्यांना तपासलं होतं का? शंभर रुपयांत ज्यांनी ‘अपात्र’ लिहून दिलं, त्यांनी पापणी खाली ओढून डोळ्याचा रंग तरी पाहिला का? नसावा. म्हणजे कागदावर आजारी आणि प्रत्यक्षात तपासणी कुणाचीच नाही. त्या तिघींपैकी एखादीचं रक्त खरंच कमी असेल, तर त्या कागदानं ते झाकून टाकलं. तुझ्याबाबतीतही तेच होईल. तास सुटेल, अंधारी तशीच राहील. उद्या जिना चढताना येईल, परीक्षेच्या धावपळीत येईल, पुढे बाळंतपणात तर जिवावर बेतू शकेल. मला यातलं खोटेपण खटकतंच, पण त्याहून ही गोष्ट जास्त खटकते.

आणखी एक. दर वर्गात एखादी मुलगी खरोखर आजारी असते. कुणाला दमा असतो, कुणाच्या हृदयाच्या झडपेत दोष असतो, कुणाचं नुकतंच ऑपरेशन झालेलं असतं. तिला सूट मिळणं हा तिचा हक्क आहे. पण शिक्षकाच्या टेबलावर असे वीस कागद आले की तो सगळ्यांकडेच संशयानं बघायला लागतो. मीही बघायचे. तिथं खऱ्या आजारी मुलीला आपलं दुखणं पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागतं. तुझ्या तपासणीत खरंच काही निघालं, तर तुलाही खरं सर्टिफिकेट मिळेल आणि ते द्यायला तुला मान खाली घालावी लागणार नाही.

यानंतर तू म्हणतेस, खेळाची आवडच नाही. इथं मला तुझ्याशी जरा वाद घालू दे.

सातवीनंतर खेळले नाही, असं तू लिहितेस. सातवीपर्यंत काय करत होतीस? जिल्हा परिषदेच्या शाळेत मधल्या सुट्टीत लंगडी, खो-खो, लगोरी, चिंचेवर दगड मारणं, यातलं काहीतरी केलंच असशील. मग आठवीत हायस्कूल दुसऱ्या गावाला, पाळी सुरू झाली, घरचे म्हणाले आता पुरे, ओढणी आली, आणि पी.टी.च्या तासाला मुली व्हरांड्यात बसून गप्पा मारू लागल्या. माझ्याकडे आलेल्या बहुतेक मुलींची गोष्ट थोड्याफार फरकानं अशीच होती. आवड जाते ती मनातून. तुझ्या बाबतीत खेळ हातातून काढून घेतला गेला आणि तो कुणी काढून घेतला हे कळण्याइतकी तू मोठी नव्हतीस. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

आणि फुगडीचं काय? ‘तेवढंच’ म्हणून तू ती सोडून दिलीस. दोघींनी हात धरायचे, पाय जवळ, अंग मागे टाकायचं आणि गरागरा फिरायचं. तोल लागतो, पकड लागते, दम लागतो. झिम्मा, बसफुगडी, आगोटापागोटा… गौरीच्या रात्री बायका जे तासन् तास करतात, त्यात पाय, पोट, पाठ सगळं कामाला लागतं. तिथं तुला धाप लागलीच असेल, पण ती कुणी वहीत लिहिली नाही आणि कडेला बसलीस म्हणून कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. श्वास घेऊन तू पुन्हा उठलीस. म्हणजे अंग हलवण्याचा तुला कंटाळा नाही. नकोसं झालंय ते चारचौघांत मोजून घेणं.

आपल्या भागात हे असं का झालं याचा मी खूप विचार केलाय. सातारा-सांगलीकडे अंगमेहनतीच्या सरावाला दोनच नावं आहेत, तालीम आणि भरती. दोन्हींचा मला अभिमान आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. माणसारख्या दुष्काळी तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पळाली. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. आमच्या सांगलीचा संकेत सरगर २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत वजन उचलून रौप्यपदक घेऊन आला. यांची छायाचित्रं कॉलेजच्या भिंतीवर लागलीच पाहिजेत. दुसरीकडे पहाटे पाचला कुठल्याही रस्त्यावर भरतीची पोरं-पोरी पळताना दिसतात, त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न असतो. पण या दोघांच्या मध्ये जो उरतो त्याचं काय? ज्याला पदक नको, वर्दी नको, पण पन्नाशीत गुडघे धड हवेत, रात्री झोप हवी, मैत्रिणींबरोबर तासभर हसत घाम गाळायचाय, त्याच्यासाठी आपल्या बोलण्यात शब्दच नाही. म्हणून तूही लिहिलंस, ‘ना भरती, ना खेळाडू’, आणि पुढे तिसरं काही नसल्यासारखं वाक्य संपवलंस.

तुझ्या सरांनी पहिल्या दिवशी काय केलं तेही याच नजरेनं बघ. ४०० मीटरच्या दोन फेऱ्या म्हणजे ८०० मीटर. पोलीस भरतीत मुलींची धावण्याची चाचणी नेमकी ८०० मीटरची असते. त्या चाचणीसाठी मुली कित्येक महिने पहाटे उठून सराव करतात. सरांनी तीच चाचणी, सरावाशिवाय, उपाशी पोटी, घड्याळ लावून, पहिल्या तासाला तुमच्यापुढे ठेवली. त्यांचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. त्यांना तेवढंच शिकवलं गेलंय, आणि अनेक कॉलेजांत हजार-दोन हजार मुलांमागे एकच शारीरिक शिक्षण संचालक असतो. त्याची सगळी शक्ती विद्यापीठाच्या स्पर्धांना जाणाऱ्या संघांवर खर्च होते. मीही बरीच वर्षं कबड्डीच्या बारा मुलींची बाई होते, बाकीच्यांची नव्हते. पण तू दुसऱ्या फेरीत बसलीस, यावरून तुझ्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. न शिकवता घेतलेल्या परीक्षेत तू नापास झालीस, एवढंच.

खरं तर सगळ्यांनी व्यायाम करावा हा विचार तुमच्या जिल्ह्याला नवा नाही. औंध तुझ्या तालुक्यापासून फार लांब नाही. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी रोज सूर्यनमस्कार घालत, घरातल्या बायका-मुलांसह. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले, मुलांसाठी आणि मुलींसाठीही. पैलवान घडवणं हा त्यामागचा उद्देश नव्हता. तालमीत कधी पाऊल टाकणार नाही अशा पोरानंही घरच्या पडवीत, कुठल्याही साधनाशिवाय अंग मोकळं करावं, हा होता. शंभर वर्षांपूर्वी औंधात जे सुचलं होतं ते आता क्रेडिटच्या रूपानं कॉलेजात आलंय. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदवीला सहअभ्यासक्रमाची क्रेडिट ठेवली आहेत. त्यात आरोग्य, योग, क्रीडा, एनएसएस, एनसीसी, सांस्कृतिक उपक्रम हे सगळं येतं. हा विषय खेळाडूंसाठी ठेवलेला नाही. खेळाडू काय, त्याशिवायही खेळतातच. तो तुझ्यासाठीच आहे.

आईचं म्हणणं मात्र असं उडवून लावता येणार नाही. ती दिवसभर रानात राबते, तिला व्यायाम कशाला, हे ती कळवळून म्हणते. तिच्यासमोर व्याख्यान देऊ नकोस. संध्याकाळी तिच्या कमरेला तेल लावताना विचार, कुठं दुखतं. भुईमुगाच्या शेंगा तोडताना, ऊस बांधणीच्या वेळी ती आठ-आठ तास वाकलेली असते. एकच स्नायू दिवसभर ताणलेला, दुसरा दिवसभर गप्प. काम शरीराला विचारून होत नाही, मुकादमाला आणि पावसाला विचारून होतं. थांबावंसं वाटलं तरी थांबता येत नाही. खेळात तेवढं स्वातंत्र्य असतं. तुझ्या आईच्या अंगात तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त ताकद असेल, पण दोन्ही हात वर करून पाठ ताणायला तिला दिवसातून पाच मिनिटं मिळत नाहीत. तू घरी सूर्यनमस्कार शिकून आलीस तर तिलाही चार घालायला लाव. मला वाटतं, तुझ्या तासाला होकार मिळवायचा हा सगळ्यात सरळ रस्ता आहे.

आता करायचं काय. तुझ्यापुढे तीन वाटा आहेत. खोट्या कागदाची वाट मी तुला दाखवणार नाही, का ते वर लिहिलंच.

दुसरी वाट म्हणजे विषय बदलून घेणं. कॉलेज देत असेल तर योग, एनएसएस किंवा सांस्कृतिक उपक्रम घेता येईल. हा पळपुटेपणा नाही. गाडीच्या वेळा जमत नसतील, तपासणीत काही निघालं, किंवा योग खरंच करावासा वाटत असेल तर अवश्य घे. फक्त मैदानाच्या भीतीनं घेऊ नकोस. तसं केलंस तर सत्र पार पडेल, पण कडेला बसलेली ती मुलगी डोक्यात तशीच बसून राहील.

तिसरी वाट मला तुझ्यासाठी बरी वाटते. तासाला परत जा, पण आपल्या अटी सांगून. सरांना एकटीनं, तास सुरू व्हायच्या आधी भेट. काय बोलायचं ते सुचत नसेल तर हे घे: “सर, मला पळायचं नाही असं नाही. पहिल्या दिवशी मला अंधारी आली. मी रक्त तपासून घेतलंय, हा रिपोर्ट. मला हळूहळू वाढवत न्यायचंय. माझी आजची नोंद आणि सत्राच्या शेवटची नोंद, यातली सुधारणा बघून गुण द्याल का?” माझ्या अनुभवात शंभरातले नव्वद शिक्षक याला हो म्हणतील. मुलीनं स्वतःहून येऊन ‘मला शिकायचंय’ म्हणावं, याची ते वर्षानुवर्षं वाट बघत असतात. नाही म्हणाले तर विभागप्रमुखांशी किंवा मुलींच्या तक्रारी ऐकणाऱ्या मॅडमशी बोल. त्यात टाळ्यांचाही विषय काढ. मैदानाच्या कट्ट्यावर बसून कुणी मुलींची टिंगल करत असेल तर ते थांबवणं हे कॉलेजचं काम आहे, मनावर घेऊ नकोस असं सांगून तुझ्याकडून सहन करवून घेणं हे नव्हे.

आणि त्या तिघींना सोडू नकोस. तू धरून चौघी झालात. एवढ्यांत लगोरी मस्त रंगते, दोरीवरच्या उड्या होतात, रिंग होते. रबरी रिंग चौघींत वर्गणी काढून घेता येते आणि मध्ये जाळीऐवजी दोरी बांधली तरी चालते. सरांना विचारा, तासाचा अर्धा वेळ आम्हाला याला द्याल का? पावसात मैदान चिखलाचं झालं तर सभागृहात लेझीम मागा. लेझीम वीस मिनिटं नीट खेळलात की पळण्याइतकाच घाम निघतो, आणि तिथं कुणी पहिलं-शेवटचं नसतं, सगळ्यांचा ताल एक असावा लागतो. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी ‘न खेळणाऱ्यांची’ अशी एक तुकडी वेगळी काढली होती. जून-जुलैत भिंतीला टेकून उभ्या राहणाऱ्या मुली दिवाळीनंतर तास संपल्यावर “बाई, अजून एक डाव” म्हणायच्या. माझ्या आयुष्यातल्या कुठल्याही ढालीपेक्षा ते वाक्य मला जास्त प्रिय आहे.

पळण्याचं वेगळं सांगते, कारण ते तुझ्या मनात अडकलंय. पहिले दोन आठवडे पळूच नकोस. एसटी स्टँडवर उतरल्यावर रिक्षा करत असशील तर सोडून दे आणि कॉलेजपर्यंत भरभर चाल. चालताना मैत्रिणीशी बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग. तिसऱ्या आठवड्यापासून मैदानावर एक मिनिट सावकाश पळ, दोन मिनिटं चाल, असं सहा-सात वेळा. आठवड्यातून तीन दिवस पुरे. दर आठवड्याला पळण्यात थोडीशी भर घाल. हिमोग्लोबिन ठीक असेल किंवा वाढत असेल, तर अडीच-तीन महिन्यांत त्याच दोन फेऱ्या तू न बसता पुऱ्या करशील. वेळ कितीही लागू दे. रक्त कमी निघालं तर हा हिशोब डॉक्टरांना विचारून पुढे ढकल, तोवर चालणं आणि हलके खेळ. जागतिक आरोग्य संघटना अठरा वर्षांवरच्यांना आठवड्यात १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. आणि ती मिनिटं एकदम जमवावी लागत नाहीत. स्टँड ते कॉलेज जाऊन-येऊन चाललीस तरी त्यातली बरीच तिथंच होतील.

खायचं काय? पावणेसहाच्या गाडीसाठी घरातून निघताना जेवण जात नाही, मला माहीत आहे. एक केळं किंवा शेंगदाणा-गुळाचा लाडू पिशवीत ठेव आणि गाडीत खा. उरलेली भाकरी दुधात कुस्करून खाल्लीस तर फारच छान. पाण्याची बाटली हवीच. कॉलेजात स्वच्छतागृहाची सोय नीट नाही म्हणून मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि मैदानावर चक्कर येऊन पडतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की ही तक्रार तर लेखी द्यावी असं मी सांगेन. चौघींनी सही करून द्या.

कपड्यांचं कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. ढगळ टी-शर्ट आणि ट्रॅक पँट घरी चालत असेल तर उत्तम, नसेल तर सलवार-कमीज चालतो, फक्त ओढणी काढून ठेव किंवा कमरेला घट्ट बांध. आतून स्पोर्ट्स ब्रा घे. पळताना सगळे बघतात असं जे वाटतं, त्यातलं निम्मं अवघडलेपण त्या एका कपड्यानं जातं, आणि ही गोष्ट अठराव्या वर्षापर्यंत मुलींना कुणीच सांगत नाही याची मला खंत आहे. चपलेवर पळू नकोस, साधे कॅनव्हासचे बूट पुरतात. पाळीच्या दिवसांत खेळलं तर काही होत नाही. पोट दुखत असेल, रक्तस्राव जास्त असेल तर त्या दिवशी चाल किंवा बस, आणि सरांना ‘आज मी बाजूला’ एवढंच सांग, कारण सांगायची गरज नाही. पण दर महिन्याला जास्त जात असेल तर रक्त कमी होण्याचं मूळ तिथंच असू शकतं. रक्त तपासायला जाशील तेव्हा डॉक्टरांना हे लाजत न बसता सांग.

सत्राच्या शेवटी काय साधायचं हे तूच ठरव. मी असते तर वहीतल्या वेळेऐवजी अजिंक्यतारा किल्ला चढणं ठरवलं असतं. साताऱ्यातली कितीतरी माणसं रोज सकाळी तो चढतात. त्यात सत्तरीचे आजोबा असतात, स्वेटर घातलेल्या आज्या असतात, कुणीही कुणाची वेळ लिहीत नाही. चौघींनी एका रविवारी जा. पहिल्यांदा दहादा थांबाल, थांबा. वरून तुमचं कॉलेज, एसटी स्टँड, कोरेगावकडे जाणारा रस्ता, सगळं दिसेल. आईलाही घेऊन जा. ती तुमच्याआधी वर पोचेल, असा माझा अंदाज आहे.

तोवर या सोमवारी कॉलेज सुटल्यावर पहिली एसटी सोडून दे आणि रक्त तपासून घे. जो आकडा निघेल तो मला कळव, बाराच्या वर असो की खाली. पुढच्या पत्राचं उत्तर मी त्यावरून देईन.

तुझी,
ताई